जिभेखालची गोळी

बाळापुरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या मुलींची लग्नं झाली, त्यांतल्या बहुतेकींच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा खातूनबीनं भरला होता. घर कोणाचंही असो, हळद लागायच्या आधी निरोप जायचा, "खातूनबीले सांगा." मग ती आपली पेटी घेऊन यायची, सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि नवरीचा हात आपल्या मांडीवर घ्यायची. तेल-साबण ती क्वचितच लावायची. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग दाबून, चारी बोटं जुळवून, बोलता बोलता बांगडी अशी सरकवायची की मुलीला कळायचंसुद्धा नाही. "माह्याकडं नको पाहू बेटा, तुह्या मायकडं पाह्य," एवढं म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं.

हा धंदा मूळचा तिच्या नवऱ्याचा, नियाजचा. तो तरुणपणीच गेला. तेव्हा तौहीद रांगत होता. खातूनबीनं पेटी उचलली आणि बाजार, खेडी, लग्नघरं अशी फिरत राहिली. तौहीदला शिकवलं, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं, चांदूर बाजारची शाइस्ता सून म्हणून घरात आली. "आता बसा ना घरी," असं पोरगा म्हणायचा, तेव्हा ती हसायची. बायकांच्या घोळक्यात बसून चार गोष्टी ऐकल्या-सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

साठीच्या आसपास तिला झटका आला तो भर बाजाराच्या दिवशी. एका बाईचा हात हातात होता आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कोणी मूठ वळून दाबावं तसं झालं. दुखणं जबड्यापर्यंत चढलं. अंगाला दरदरून घाम सुटला. आदल्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीनं पित्त झालं असेल, असं ती धरून चालली. शेजारच्या मसालेवालीनं विचारलंही, "काय झालं वं खातूनबी? तोंड पांढरं पडलं तुह्यं."

"काही नाही. ऊन लागलं."

खरं तर तिला तिथंच आडवं व्हावंसं वाटत होतं. पण चारचौघांत, पुरुषांची ये-जा चालू असताना बाईमाणसानं रस्त्यावर कसं लोळायचं? तिनं माल आवरला, ऑटोत बसून घर गाठलं आणि शाइस्तालाही पित्ताचंच सांगून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास पुरेना, तेव्हा तौहीदनं गाडी करून अकोल्याला नेलं.

अकोल्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, अंकुर नावाचे, धामणगाव रेल्वेकडचे. तौहीदपेक्षा थोडेच मोठे असतील. त्यांनी बंद झालेली नळी उघडली, स्टेंट टाकला. नंतर खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मावशी, वाचल्या तुमी. पण उशीर झाला. हृदयाचा एक भाग गेला."

"कालच आली असती तर?"

"तर बराचसा वाचला असता."

खातूनबीनं तोंड भिंतीकडे केलं. बाजारात आडवं व्हायची लाज वाटली म्हणून आपण हृदयाचा तुकडा घालवून बसलो, हे तिनं त्या वेळी कोणालाच सांगितलं नाही.

काही महिने बरे गेले. मग हळूहळू जिना चढताना दम लागायला लागला, आडवं झालं की खोकला यायचा, संध्याकाळी पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. अकोल्याला परत तपासणी झाली. हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं. नळी तर उघडी होती, स्टेंट चांगला होता. "मंग हे काहून?" तौहीदनं विचारलं.

डॉक्टर अंकुर हेच शोधत होते. झटक्यातून वाचलेल्या काही जणांचं हृदय सावरतं आणि काहींचं त्यानंतर खचत जातं, याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी पेशंटचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासायचं. खातूनबीला त्यांनी समजावून सांगितलं, आणि सांगताना गावाकडची बोली आपोआप त्यांच्या तोंडात आली.

"मावशी, झटक्यात हृदयाचं जे मांस मेलं, ते साफ कराले रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. ते चांगलंच हाये. आधी येतात त्या मेलेलं उचलतात, मागून येतात त्या जखम भरतात. काम झालं की त्यांनी निघून जायाले पायजे. पन काही लोकांत त्या जातच नाहीत. नव्या येतच राहतात अन् मंग चांगल्या मांसालेही त्रास देतात. त्यात रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सुजते. सुजलेलं अस्तर ह्या पेशींले अडवत नाही, उलट बोलावते."

"कोनात जातात, कोनात नाही. असं काहून होते, डाक्टरसायेब?"

"ते मले माहीत असतं तर तुमचं रक्त कायले मागितलं असतं?"

खातूनबीला हे बोलणं आवडलं. डॉक्टरला एखादी गोष्ट माहीत नाही असं डॉक्टरच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं बाही वर केली. "घ्या. रक्ताले काय कमी हाये."

"फक्त एक वचन द्या. गोळ्या सांगितल्या तशा घ्यायच्या. अन् चुकली तर चुकली म्हणून सांगायचं. मी रागावणार नाही. पण खोटं सांगितलं तर माझा हिशोबच चुकन."

"मी काहून खोटं सांगू बापा?" ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

नव्या गोळ्यांत एक लहानशी पांढरी गोळी होती. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. घरात तिला सगळे पाण्याची गोळी म्हणायला लागले. सकाळी नाश्त्यानंतर शाइस्ता ती हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची. पायांची सूज उतरली, खोकला थांबला. मात्र गोळी घेतल्यावर दुपारपर्यंत खातूनबीला पुन्हा पुन्हा उठावं लागे, आणि उठायचं म्हणजे उठायचंच, घटकाभरही थांबता येत नसे. घरी होती तोवर ते चालून गेलं.

मग लग्नसराई आली. एका खेड्यातल्या सुभद्राबाईंकडून निरोप आला. त्यांच्या आचलचं लग्न होतं. सुभद्राबाईंचा स्वतःचा चुडाही खातूनबीनंच भरलेला, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शाइस्तानं सकाळी गोळी दिली, तौहीदनं गाडीवर सोडलं. बैठकीत सतरंजी अंथरलेली होती, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, बाहेर मांडवाचं काम चाललं होतं. खातूनबीनं पेटी उघडली आणि आचलचा हात मांडीवर घेतला.

एका हाताचा चुडा भरून होतो न होतो तोच तिला लघवीची घाई लागली. संडास मागच्या अंगणात, गोठ्याच्या पलीकडे. तिथं जायचं तर मांडव बांधणाऱ्या माणसांच्या मधून जावं लागणार. शिवाय नवरीचा हात अर्धवट सोडून उठणं तिला अशुभ वाटलं. एवढ्या बायका बघतायत, झालंच आता, असं म्हणत तिनं दुसरा हात घेतला. आचलचे हात जाड होते. बांगडी अडली. जोर लावावा लागला.

आणि बसल्या जागी, मांडी घातलेली असताना, तिच्याकडून आवरलं गेलं नाही.

साडी गडद रंगाची होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. खातूनबीचे हात मात्र चालतच राहिले. एकेक बांगडी चढत गेली. तिच्या कानांत नुसता घूं असा आवाज भरला होता. चुडा भरून झाला आणि रीतीप्रमाणे आचल वाकली, तिनं खातूनबीच्या पायांशी डोकं टेकवलं. त्या क्षणी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. चुडा भरणारीच्या पाया पडतात ती तिचा हात शुभ मानून. आणि ती मुलगी अशा जागी डोकं टेकवत होती!

"सुखी राह्य बेटा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बायका जेवायला उठल्या. सुभद्राबाई म्हणाल्या, "खातूनबी, चला ना, दोन घास खा."

"तुमी व्हा पुढं. मी पेटी आवरतो."

ती उठलीच नाही. बैठक रिकामी झाल्यावर उठली, पेटी तशीच उघडी टाकून, पदर मागं ओढून घेत अंगणाच्या कडेनं फाटकाबाहेर पडली. रस्त्यावर जी पहिली गाडी मिळाली तीत बसून घरी आली. न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शाइस्तानं दार वाजवलं तेव्हा आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता.

पेटी दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंनी पोचती केली. सोबत लाडू होते आणि निरोप होता, "तब्येत बिघडली म्हणून गेल्या का? सांगून तर जायचं." त्या निरोपात टोमणा नव्हता. पण दोन-तीन दिवसांनी त्या गावावरून जाताना खातूनबीला त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर धुऊन टाकलेली सतरंजी दिसली. लग्नघर आहे, शंभर कारणांनी सतरंज्या धुवाव्या लागतात. तिनं डोळे मिटून घेतले ते गाव मागं पडेपर्यंत उघडले नाहीत.

त्यानंतर तिनं ती गोळी सोडली. मुद्दाम ठरवून नाही. आधी वाटलं, लग्नघरी जायचं त्या दिवशी घ्यायची नाही, बाकीच्या दिवशी घ्यायची. पण लग्नसराईत मोकळा दिवस कुठला? शिवाय नमाजाला उभी राहिली की मनात यायचं, आपण पाक आहोत की नाही? लुगडं कोरडं असलं तरी शंका जात नसे. गोळी नसली की निदान तेवढी काळजी मिटायची. शाइस्ता गोळी द्यायची, खातूनबी ती जिभेखाली धरायची, वरून पाणी प्यायची आणि न्हाणीघरात जाऊन मोरीत थुंकायची. बाकीच्या गोळ्या ती इमानानं घेत होती. एकच तर नाही घेत, असं स्वतःला समजवायची.

अकोल्याला गेल्यावर डॉक्टर अंकुर विचारत, "गोळ्या बरोबर?" आणि ती म्हणे, "बरोबर." आता त्या तरुण माणसापुढं, तौहीद शेजारी उभा असताना, ती काय सांगणार होती? सूज परत आली, दम परत लागला. पण तपासणीच्या आदल्या दिवशी ती उशीवर पाय ठेवून पडून राही. तेवढ्यापुरती सूज कमी दिसे.

डॉक्टर मात्र रक्ताच्या रिपोर्टवर चकित झाले होते. त्यांच्या बहुतेक पेशंटमध्ये हळूहळू कमी होत जाणाऱ्या पेशी खातूनबीच्या रक्तात वाढत होत्या. अस्तराच्या सुजेची खूणही चढती होती. "मावशी, सगळी औषधं घेऊनही तुमच्या रक्तवाहिन्या शांत होत नाहीत," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "यात काहीतरी आहे. अमरावतीत आमच्या डॉक्टरांची बैठक आहे. तिथं मला तुमच्याबद्दल बोलायचंय. तुम्ही याल का? मोठ्या डॉक्टर आहेत, प्रणालीताई, त्या तुम्हाला तपासतील."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. तौहीदला तर अभिमान वाटला. आपल्या अम्मीवर मोठे डॉक्टर चर्चा करणार! तो त्या दिवशी दुकान बंद ठेवून निघाला. डॉक्टरांनी खातूनबीला स्वतःच्या गाडीत पुढं बसवलं, दार उघडून दिलं. मूर्तिजापूरला चहासाठी थांबले तर तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला, बसायला खुर्ची पुसून दिली. ते जितकं चांगलं वागत होते तितकी खातूनबी गाडीच्या सीटमध्ये आत आत जात होती. सांगावं का आत्ता? पण ड्रायव्हर होता, तौहीद होता. अमरावतीची वेस आली तरी तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

बैठकीच्या जागी थंडगार हॉल होता. भिंतीवर मोठ्या पडद्यावर आलेख होते. त्यातली एक लाल रेष वर वर चढत गेलेली. डॉक्टर अंकुर म्हणाले, "ही आमची बाळापूरची पेशंट." खातूनबी मागच्या खुर्चीवर बसून त्या रेषेकडे बघत राहिली. इतक्या शिकलेल्या माणसांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं.

मग शेजारच्या खोलीत डॉक्टर प्रणालीताईंनी तिला तपासलं. केस पिकलेल्या, आवाज शांत. त्यांनी तिची नडगी अंगठ्यानं दाबली. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मानेची शीर बघितली. डॉक्टर अंकुर, तौहीद आणि आणखी दोघंजण उभे होते.

"पाण्याची गोळी घेता ना?"

"घेतो."

"रोज?"

खातूनबीनं मान हलवली.

"अंगात पाणी खूप आहे, अंकुर. गोळी चालू असताना एवढं पाणी राहू नये." मग त्या तौहीदकडे वळल्या. "गोळ्या कोण देतं घरी?"

"माही बायको. रोज स्वतःच्या हातानं देते."

"नक्की देते का? जरा बघा. काम असतं, विसरतात माणसं."

एवढंच त्या म्हणाल्या. रागानं नाही, संशयानंही नाही. पण तौहीदच्या चेहऱ्यावर सावली आली ती परतीच्या सगळ्या रस्त्यात गेली नाही.

घरी आल्यावर त्यानं हातपायसुद्धा धुतले नाहीत. "शाइस्ता, खरं सांग. अम्मीले गोळी तू रोज देते का नाही?"

"म्हंजे? तुमच्यासमोर तर देतो."

"मी दुकानात राहतो. तुह्यं ध्यान मोबाइलमधी राहते. तिकडं एवढ्या डॉक्टरांपुढं मान खाली घालावी लागली मले!"

"मी हातात देतो, पाणी देतो. अजून काय करू?"

"मंग गोळी जाते कुठी? उद्या तुह्या भावाले बोलावतो. त्यालेच सांगतो, माह्या मायची काळजी हिच्यानं होत नाही."

मधल्या खोलीत खातूनबी खाटेवर बसली होती. पडद्यापलीकडचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. एक वाक्य. एक वाक्य बोललं असतं तर ते भांडण तिथंच थांबलं असतं. ती बोलली नाही. तिनं पांघरूण ओढून घेतलं, जणू झोप लागलीय. पुढं कधीही तिला या सगळ्या प्रकरणाची आठवण झाली की सतरंजीवरच्या त्या दुपारपेक्षाही हे पांघरूण आधी आठवायचं. तिथं शरीरानं दगा दिला होता. इथं तिनं स्वतःच्या हातानं पांघरूण ओढलं होतं.

सकाळी शाइस्ता आली ती रोजच्यासारखीच. डोळे सुजलेले होते, पण नाश्ता वाढला, गोळ्या हातावर ठेवल्या, पेला पुढं केला. तिनं सासूकडे संशयानं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित खातूनबीला गोळी लपवणं जड गेलं नसतं. ती मान वळवून भांडी उचलायला लागली.

"शाइस्ता."

"हो अम्मी?"

खातूनबीनं तोंडात बोट घालून जिभेखालची ओली गोळी काढली आणि तळहातावर ठेवून हात पुढं केला.

शाइस्ता त्या तळहाताकडे बघत हातातली भांडी तशीच घेऊन खाली बसली. "काहून?"

मग खातूनबीनं सगळं सांगितलं. आचलचा जाड हात, अडलेली बांगडी, मांडवातली माणसं, पाया पडलेली मुलगी. सांगताना ती सुनेकडे बघत नव्हती. समोरच्या डब्याच्या झाकणाकडे बघत होती. शाइस्तानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी उठून तिनं ती गोळी उचलली, नळाखाली धरली, मग फेकून दिली आणि नवी काढली.

"मले सांगितलं असतं तर मी तुमच्यासंग आली असती," ती म्हणाली. आणि मग, हळूच, "काल का नाही बोलल्या अम्मी? ते मले एवढं बोलून राहिले होते."

खातूनबीनं नवी गोळी घेतली आणि तिच्यासमोरच गिळली. शाइस्तानं परत विचारलंही नाही. तौहीदला तिनंच दुकानात जाऊन सांगितलं. दुपारी घरी आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं शाइस्ताला ताट वाढून दिलं. आजवर त्यानं कधी वाढलं नव्हतं.

अकोल्याला खातूनबी शाइस्ताला घेऊन गेली. डॉक्टर अंकुरांनी हसून "या मावशी" म्हटलं, आणि शाइस्तानं मागं दार लावून घेतलं, तेव्हाच त्यांना काहीतरी उमगलं असावं. खातूनबीनं मान खाली घालून सांगितलं. लघवी हा शब्द काही तिच्याच्यानं उच्चारवेना. तो शाइस्तानं उच्चारला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावणार नाही असं त्यांनी वचन दिलं होतं आणि ते रागावलेही नाहीत, पण चेहरा मात्र उतरला. इतक्या महिन्यांचं काम होतं ते.

"मावशी, अंगात पाणी साठलं की शिरा ताणतात," ते म्हणाले. "ताणलेल्या शिरेचं अस्तरही सुजते. अन् सुजलं की तेही पेशींले बोलावते. तुमच्या रक्तात जे दिसलं ते खोटं नव्हतं. पण त्यातलं जुन्या झटक्याचं किती अन् ह्या पाण्याचं किती, ते आता मला सांगता येणार नाही."

"म्हंजे माह्यं रक्त वाया गेलं?"

"ह्या अभ्यासातून काढावं लागेल."

त्यांनी तिच्यासमोरच अमरावतीला फोन लावला. "ताई, तुमची शंका बरोबर होती. गोळी पोटात जात नव्हती. नाही, त्यांची चूक नाही. मी दर वेळी घेतली का एवढंच विचारलं. दिवसभर कुठं असता, कुठं बसता, हे एकदाही विचारलं नाही." खातूनबीला ते ऐकवेना. तिच्या खोट्याचं ओझं तो पोरगा आपल्या डोक्यावर घेत होता आणि तिला त्याला थांबवताही येत नव्हतं.

फोन ठेवून ते म्हणाले, "ही गोळी सकाळीच घ्यायला पाहिजे असं नाही. कामाच्या दिवशी घरी परत आल्यावर, दुपारनंतर घेतली तरी चालेल. फक्त झोपायच्या फार जवळ नको."

खातूनबी त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढं सोपं? या एवढ्याशा गोष्टीसाठी ती हृदय घालवत होती, सुनेला रडवत होती, मोठ्या हॉलमध्ये खोट्याचा आलेख पडद्यावर चढू देत होती.

गोळी सुरू झाली तशी सूज उतरली, दमही पुष्कळ कमी झाला. सगळा नाही. मधल्या महिन्यांत हृदयावर जो ताण पडला तो थोडा मागं राहूनच गेला. जिना तिला आता अर्ध्यावर थांबून चढावा लागतो. खेड्यांतल्या लग्नांना शाइस्ता जाते. तिचा हातही चांगला बसलाय. सुभद्राबाईंकडे मात्र खातूनबी पुन्हा गेली नाही. त्या एकदा बाजारात समोरून आल्या, तर ही मसालेवालीच्या पालामागं जाऊन उभी राहिली आणि त्या पुढं गेल्यावर आपल्याच या करणीची तिला कितीतरी वेळ शरम वाटत राहिली.

मध्यंतरी डॉक्टर अंकुरांनी विचारलं, "मावशी, इतर बायकांशी बोलाल का यावर? माझ्यापाशी त्या बोलत नाहीत." तिनं चटकन नाही म्हटलं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पण गेल्या तपासणीला बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी एक गंगूबाई बसल्या होत्या. शेतात निंदायला जाणाऱ्या, सोबत लेक होता. पाय सुजून चपलेबाहेर आले होते. लेक कोणाला तरी फोनवर सांगत होता, "गोळ्या तर सगळ्या घेते, तरी गुण नाही." गंगूबाई बोटानं लुगड्याचा काठ चुरगाळत होत्या. खातूनबीनं ते बोट बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात गंगूबाईंचं नाव पुकारलं गेलं आणि त्या आत गेल्या. गोळ्या बरोबर घेता का, हा प्रश्न आत विचारला गेला असणार, आणि उत्तर काय दिलं गेलं असेल हेही खातूनबीला ठाऊक होतं.

शाइस्ता म्हणाली, "चला अम्मी, आपली गाडी लागली."

"थांब जराशी."

गंगूबाई बाहेर आल्या. लेक औषधाच्या खिडकीकडे गेला. खातूनबी बाकावरून उठली, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. ओळख ना पाळख, काय म्हणेल ही बाई?

"बाई, इथलं संडास साफ हाये," ती हळू आवाजात म्हणाली. "मले जाचं हाये, पन एकटीले जाववत नाही. येता का संगं?"

गंगूबाईंनी तिच्याकडे नवलानं बघितलं. मग लेक कुठं आहे ते बघून घेतलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "चला. मलेही कवाचं जाचं होतं माय."